एका वेळी एकानंच बोलायचं

सभेला दोन दुभाष्या असायच्या होत्या, पोचली एकटी डोरिन. दुसरीची गाडी ग्रँड आयलंड गावाच्या अलीकडे तापून बंद पडली आणि तिनं फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं, "डोरिन, आज सगळं तुलाच ओढावं लागणार गं."

डोरिन कुचेरा वेल्टनच्या हायस्कूलच्या जिमच्या दारात उभी राहून मनगटं चोळत होती. बोललेलं हातांनी सांगायचं काम वीस मिनिटं केलं की बोटं जड होतात, चाळीस मिनिटांनी खांदे पेटतात. म्हणून या कामाला जोडीनं जातात. एकीनं करायचं, दुसरीनं दम खायचा. आजची सभा दोन तासांची होती, आणि आत लोक असे लोटत होते की आठशे वस्तीच्या गावात एवढी माणसं आली कुठून असा प्रश्न पडावा. तीन काउंट्यांतले ट्रक मक्याच्या शेतापर्यंत उभे होते. ऑगस्ट महिना, कडेला लावलेले चार मोठे पंखे नुसतीच गरम हवा इकडची तिकडे करत होते.

विषय सगळ्यांना पाठ होता. वॉशिंग्टनमध्ये नवा कायदा शिजत होता. प्रत्येकानं आरोग्य विमा घ्यायचाच. नाही घेतला तर कर भरताना वर दंड. खासदार डेल हॉफस्टेटर लोकांचं म्हणणं ऐकायला आले होते, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं. एका बाजूच्या बाकांवर पुठ्ठे होते, 'माझं शरीर, माझा खिसा, तुम्ही लांब राहा'. समोरच्या बाजूला, 'आजारी पडणं हा गुन्हा आहे का?' मधे बास्केटबॉलचं मैदान रिकामं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांचे चेहरे नीट दिसावेत अशी सोय.

डोरिनचं स्वतःचं मत पक्कं होतं. ती कुठल्या कचेरीत नोकरीला नव्हती. बोलावतील तिथं जायचं, तासाचे पैसे घ्यायचे. विमा कंपन्यांनी तिला दोनदा नाकारलं होतं, का तर लहानपणापासून दमा. कायदा आला तर तिला नाकारता येणार नव्हतं, आणि सगळ्यांना सक्ती केल्याशिवाय ते जमणार नाही हेही तिला कळत होतं. या विषयावरून जूनपासून ती सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हती. पण कामावर असताना मत घरी खुंटीला टांगून यायचं. जे बोललं जाईल ते पोचवायचं, पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही. वीस वर्षं तिनं ते व्रतासारखं पाळलं होतं.

ज्याच्यासाठी तिला बोलावलं होतं तो माणूस तिच्या आधीच येऊन पहिल्या रांगेत बसला होता. एल्डन व्हिटकॅम्प. अठ्ठावन्न वर्षांचा, उन्हानं रापलेला, जन्मापासून बहिरा. कुरणांवर गुरांसाठी पाणी ओढणाऱ्या ज्या पवनचक्क्या असतात, त्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. सँडहिल्सच्या सबंध कुरणपट्ट्यात त्याच्यासारखा कारागीर नव्हता. बाकीचे चक्की कुरकुरतेय का ते कान देऊन ऐकायचे. हा लोखंडी नळीला दात लावायचा आणि जमिनीखाली दोनशे फुटांवर पंपाचं कुठलं चामडं झिजलंय ते सांगायचा.

डोरिननं समोर जाऊन हातांनी आपलं नाव सांगितलं. एल्डननं तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्यानं, जसं बहिरी माणसं नव्या माणसाला आधी विचारतातच, तसं विचारलं, "कुणाची तू?"

"आई-वडील दोघंही बहिरे होते. वडील ओमाहात वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायचे."

एल्डननं अंगठा गालावर घासला. शाई लागलेला अंगठा, हीच त्यांच्यात तिच्या वडिलांची नावाची खूण होती. ती खूण मेलेल्या माणसाबरोबर नऊ वर्षांपूर्वी गेली असंच डोरिनला वाटत होतं.

"शाईवाल्याची पोर!" एल्डन म्हणाला. "मग तुझे हात चांगले असणार. माझा उजवा जरा बोबडा आहे, सांभाळून घे. गेल्या वर्षी पडलो, कोपर वाकडं बसलं. खांद्याच्या वर जात नाही."

"तुम्ही बोलणार आहात आज?"

"चिठ्ठी टाकलीय बादलीत. निघाली तर बोलेन."

"कशाबद्दल?" तिनं विचारलं. शब्दांची तयारी करायला ते विचारावंच लागतं.

एल्डन हसला. "निघाली तर कळेल."

छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजाला वंदन झालं आणि खासदारांनी "मित्रहो" म्हणेपर्यंत ठीक होतं. पुढच्या मिनिटाला जिममध्ये कोणाचं कोणाला ऐकू येईना. डोरिन एल्डनसमोर उभी राहून, जे कानावर पडेल ते हातावर घेत होती. नियमच तसा, ऐकणाऱ्याला ओरडणं ऐकू येतं, तर बहिऱ्यालाही ते कळलं पाहिजे. "मागून पुरुष, खोटारडे! डावीकडून बाई, त्यांना बोलू द्या! उजवीकडून, तूच बस खाली! कोणीतरी, तुझ्या बापाचा दवाखाना आहे का? खासदार, मी फक्त एवढंच म्हणतो... पुन्हा मागून, खोटारडे!" तिचे हात एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडात उड्या मारत होते. एल्डन नाटक बघावं तसा बघत होता.

"सगळे एकदम बोलतायत?" त्यानं विचारलं.

"एकदम."

"आणि तुम्हा ऐकणाऱ्यांना यातलं काही समजतं?"

"नाही," डोरिननं प्रामाणिकपणे सांगितलं.

अर्धा तास असा गेला. तिचा खांदा पेटला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात खासदारांच्या मदतनिसानं बादलीतून चिठ्ठी काढली आणि नाव वाचलं.

एल्डन उठला. मैदानाच्या मधोमध, जिथं शाळेचं बोधचिन्ह म्हणून रंगानं रेडा काढला होता, तिथं जाऊन उभा राहिला. डोरिननं मायक्रोफोन घेतला आणि त्याच्यासमोर, पण जरा बाजूला, खुर्ची ओढली. ध्वनिक्षेपकावर ती म्हणाली, "मी यांची दुभाषी. हे हातांनी बोलतील, आवाज माझा असेल, शब्द त्यांचे."

एल्डनचे हात हलले. ती बोलू लागली.

"मी एल्डन व्हिटकॅम्प. तुमच्यातल्या निम्म्यांच्या चक्क्या मी दुरुस्त केल्यात. बोलायची वेळ आज पहिल्यांदा आली."

बाईच्या तोंडून पुरुषाचं 'मी' ऐकून कोणीतरी खुदकन हसलं. मग सवय झाली.

"माझा विमा नाही. परवडत नाही हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं सांगतो. मी सहा वर्षांचा असताना मला शाळेत टाकलं. तिथं हातांनी बोलायला बंदी होती. ओठ वाचा, तोंडानं बोला. मला जमत नव्हतं. तर बाईंनी भांडी पुसायच्या फडक्याच्या पट्ट्या काढल्या आणि माझे हात खुर्चीच्या दांड्यांना बांधले. रोज, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. बाई दुष्ट नव्हत्या. त्या माझ्या डोळ्यांत बघून ओठ ठळक हलवून सांगायच्या, तुझ्या भल्यासाठी. मला वाचता आलेले पहिले शब्द तेच. तुझ्या भल्यासाठी."

एव्हाना मागचा गलका विरत चालला होता. डोरिन हे बोलत होती आणि आतून हादरत होती. असे हात तिनं कित्येक वर्षांत बघितले नव्हते. वाकडं कोपर, जखमांनी भरलेली बोटं, तरी हवेत ती खुर्ची उभी राहिली होती, तिच्या दांड्या, पट्ट्यांची गाठ, मुलाची मान. नवी मुलं पडद्यावर बघून शिकतात तशी चटपटीत भाषा नव्हती ती. तिच्या आई-वडिलांच्या स्वयंपाकघरातली होती, जुनी, सावकाश, जिथं एक खूण पूर्ण होईपर्यंत दुसरी थांबते. असं बोलणारा माणूस आपल्या विरुद्ध बाजूनं बोलतोय, हे तिला आत्ता कुठं उमगलं.

"मी हमाली केली, चक्क्या चढलो, कोणाकडे मागितलं नाही," एल्डनचे हात म्हणाले, तिचा आवाज म्हणाला. "आणि आता पुन्हा कोणी लांब बसलेला माणूस माझ्या भल्यासाठी ठरवतोय. घे, नाहीतर दंड. हा कायदा..."

इथं एल्डननं एकच खूण केली. दोन्ही मुठी आडव्या, एकमेकींवर आदळून जखडलेल्या.

"हा कायदा माझ्या गैरसोयीचा आहे," डोरिन म्हणाली.

तोंडातून निघालं आणि तिला कळलं. चूक नव्हती ती. सहाशे माणसांत ती खूण समजणारी एकटी तीच होती, आणि ज्यानं ती केली त्याला तिचा आवाज ऐकू येत नव्हता. एका शब्दाची धार तिनं बोथट केली होती, आपल्या बाजूसाठी. कोणाला कधी समजलं नसतं. एल्डन पुढच्या वाक्याला हात उचलत होता, तिच्यावर पूर्ण विश्वास टाकून.

डोरिननं हात वर करून त्याला थांबवलं. मायक्रोफोन मांडीवर ठेवला, आधी त्याला हातांनी सांगितलं, मग तोंडाजवळ घेऊन सगळ्यांना.

"दुभाष्याची चूक. दुरुस्त करते. ते 'गैरसोयीचा' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, हा कायदा माझे हात बांधतो."

कायद्याच्या बाजूनं बसलेल्या एका बाईनं हातातला पुठ्ठा हळूच मांडीवर उलटा ठेवला. एल्डन मात्र डोरिनकडे बघत होता. त्याच्या भुवया वर गेल्या, मग त्यानं एकदाच मान हलवली, शिडीवर वर चढलेल्या जोडीदाराला खालून हलवावी तशी, आणि पुढं निघाला.

"एवढंच म्हणायचंय. मदत करायची तर करा. मला विचारून करा."

विरोधातली बाजू टाळ्या वाजवत उठली. समोरून कोणीतरी ओरडलं, "आणि तू पडलास त्याचं बिल कोणी भरलं रे?" त्यावर दहा आवाज उठले, त्या दहांवर वीस. डोरिनचे हात उठले आणि तिथंच थांबले. बोटं मिटेनात. खांद्यातून कळ निघाली आणि तिनं, वीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या तर्फे मायक्रोफोन तोंडाला लावला.

"मला दोनच हात आहेत! एका वेळी एकानंच बोलायचं! आणि उभं राहून. कोण बोलतंय ते यांना दिसलं पाहिजे. तुम्ही यांना प्रश्न विचारलात ना? मग उत्तर ऐकायचं असेल तर थांबा!"

दटावणी शाळेतल्या बाईसारखी होती, आणि जागाही शाळेचीच. सहाशे माणसं गप्प झाली. खासदारांनी तोंड उघडलं होतं, त्यांनीही मिटलं.

"बिलाचं कोण बोललं?" डोरिननं विचारलं.

मधल्या बाकांवरून एक जण उठला. उंच, पोट सुटलेला, टोपी हातात. "मी बोललो. गस नोव्होट्नी." मग जरा ओशाळून, "ओरडलो त्याबद्दल माफ करा बाई."

"खाली या. तोंड त्यांच्याकडे करून बोला, माझ्याकडे नाही."

गस पायऱ्या उतरून मैदानावर आला. त्याच्याविषयी सगळ्यांना माहीत होतं. गाई पाळायचा आणि काउंटीची रुग्णवाहिका विनावेतन चालवायचा, तीस वर्षं. दोघं समोरासमोर उभे राहिले, मधे सहा फूट, आणि डोरिन बाजूला.

"एल्डन, तुझा हात तुझा आहे, कबूल," गस म्हणाला. "पण तू पडलास त्या दिवशी तो माझ्या मांडीवर होता. आम्ही पाच जण कापलेलं गवत तसंच टाकून आलो. चाळीस मैल. आपल्या हॉस्पिटलात सोळा खाटा आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी बाळंतपणाची खोली बंद केली, कारण येणाऱ्यातल्या निम्म्यांकडून काही मिळत नाही. माझी नात रुग्णवाहिकेत जन्मली. पुलाच्या अलीकडे, बर्फात. मी गाडी चालवत होतो आणि मागं माझी पोर किंचाळत होती. म्हणून ओरडलो. तू एकटा पडत नाहीस रे. तू पडलास की आम्ही सगळे थोडे थोडे पडतो."

डोरिननं हे हातांनी सांगितलं. पूल, बर्फ, मागून येणारा आवाज. आवाजाची खूण करताना तिनं गळ्याला हात लावला, आणि एल्डनचा चेहरा ओढला गेला. आता ही तिची बाजू होती, पण ते तिच्या लक्षातही आलं नाही. ती कोणाच्याच बाजूला उरली नव्हती.

एल्डननं उत्तर द्यायला वेळ घेतला. आणि सहाशे माणसं थांबली. हेच पुढं डोरिन कितीदा तरी आठवत राहिली. हात उठायच्या आधीची ती शांतता, मग हात उठून आवाज यायच्या मधली. एरवी माणसं अशी फट दिसली की आपला शब्द तिच्यात कोंबतात. त्या दिवशी कोणी कोंबला नाही. घुमणारे पंखे, आणि पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ.

"तू आलास ते कायद्यानं आलास का?" एल्डननं विचारलं.

"नाही."

"दंड लावला असता तर लवकर आला असतास?"

लोक हसले. गसही हसला. "नसतो आलो. पण गाडीतलं डिझेल कायद्यानं येतं, एल्डन. काउंटीच्या करातून. ते मी मनानं पैदा करू शकत नाही."

आता दुसरी बाजू हसली. एल्डननं मान तिरकी केली, पटलं तरी कबूल न करणारा माणूस करतो तशी.

"हॉस्पिटलचा पंप मी फुकट दुरुस्त करतो," तो म्हणाला. "आणि बिलाचे पैसे दर महिन्याला पाठवतो, जमतील तेवढे."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याशी भांडायची लाज वाटते." गस टोपी गोल गोल फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला तुला दुसरंच विचारायचंय. सभेचं नाही. विचारू?"

डोरिननं ते पोचवलं. एल्डननं हात पसरले. विचार.

"त्या दिवशी गाडीत मी मागं तुझ्याजवळ होतो. तुला फळीवर बांधलं होतं. कपाळ, छाती, हात. पाठीचा कणा हलू नये म्हणून. तुझी बोटं पट्ट्याखाली सारखी हलत होती. मला वाटलं कळा येतायत, म्हणून मी पट्टा आणखी आवळला. चाळीस मैल तू काहीतरी म्हणत होतास आणि मला एक अक्षर समजलं नाही. घरी गेलो, झोप लागेना. बायकोला म्हटलं, तो काहीतरी विचारत होता गं. वर्ष होत आलं. आज बाई आहेत म्हणून विचारतो. काय म्हणत होतास?"

हे हातांनी सांगताना डोरिनला पट्ट्याची खूण करावी लागली. दोन्ही मनगटं आडवी दाबलेली. थोड्या वेळापूर्वी एल्डननं कायद्यासाठी केली होती तीच जवळजवळ. तिला ती मऊ करावीशी वाटली नाही, कडकही नाही. होती तशी केली.

एल्डनचे हात सावकाश हलले, आणि डोरिनचा आवाज घोगरा झाला.

"पहिले दहा मैल म्हणत होतो, हात सोडा. मला वाटलं मी पुन्हा त्या खुर्चीत आहे. मग वर बघितलं. दिसत होतास फक्त तू. तुझे ओठ सारखे हलत होते. मग उरलेला रस्ता मी एकच विचारत होतो. तू प्रार्थना करतोयस का गातोयस?"

गसनं टोपी तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते कोणाला कळेना, बहुधा त्यालाही.

"अरे देवा," तो म्हणाला. "अरे मी तुला रस्ता सांगत होतो! कुरणाचं फाटक आलं, आता वळण आहे, धक्का बसेल, हा पूल आला, आता अर्धं राहिलं. तू घाबरू नयेस म्हणून. चाळीस मैल सांगत होतो. तुला ऐकू येत नाही हे मी साफ विसरलो होतो रे!"

हसू आधी मुलांच्या रांगेतून फुटलं आणि मग छपरापर्यंत गेलं. दोन्ही बाजू हसत होत्या. पण डोरिनला हसता येत नव्हतं; तिला अजून ते वाक्य एल्डनच्या हातात द्यायचं होतं. तिनं फाटक केलं, वळण केलं, पूल केला, आणि शेवटी 'विसरलो' केलं, कपाळावरून बोटं ओढून घेत. एल्डनच्या तोंडून आवाज निघाला. त्याचा स्वतःचा. मोठा, खरखरीत, ताल नसलेला हसण्याचा आवाज, ज्याला वळण लावायचा शाळेनं इतकी वर्षं प्रयत्न केला होता. तो आवाज जिममधल्या कोणीच कधी ऐकला नव्हता. मग एल्डन सहा फुटांचं अंतर ओलांडून गेला आणि त्यानं गसच्या पाठीवर आपला वाकडा हात टाकला.

"पट्टा आवळलास ते बरं केलंस," डोरिन एल्डनच्या मोकळ्या डाव्या हाताकडे बघत त्याच्या वतीनं म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, हललो असतो तर पुन्हा कधी चाललो नसतो. पण मला सांगायला हवं होतंस. नुसतं बोट दाखवलं असतंस तरी चाललं असतं."

"हे कबूल," गस म्हणाला. "हे अगदी कबूल."

सभा त्यानंतर तासभर चालली. मतं कोणाची बदलली नाहीत. पण लोक एकेक करून खाली आले, रेड्याच्या चित्रावर उभे राहिले, आणि सवयीनं की कशानं, समोर तोंड करून बोलले. एका शेतकऱ्याच्या बायकोनं सांगितलं की विमा आहे म्हणून नवरा कारखान्यातली नावडती नोकरी सोडू शकत नाही. एका तरुण पाद्र्यानं सांगितलं की त्यांच्या पंथात एकमेकांचं बिल वाटून घेतात, सक्ती केली तर ते मरेल. डोरिनचे हात दुखत होते, तरी चालत होते. दर माणसामागं ती एकदा मान वर करून बाकांकडे बघायची आणि तिला पुन्हा नवल वाटायचं. तिथं बसलेले तेच होते, मघाचे ओरडणारे. आता ते वाट बघत होते.

बाहेर आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तिला गाडीचं दार उघडता येईना, बोटं वळत नव्हती. एल्डननं येऊन उघडून दिलं.

"तू कुठल्या बाजूची?" त्यानं विचारलं.

"काम संपलंय, म्हणून सांगते. कायद्याच्या."

"मी कायद्याचं नाव काढलं तेव्हाच कळलं. तुझा डावा खांदा मागं गेला." त्यानं डोळे मिचकावले. "तू थांबलीस ते मी बघितलं. थांबली नसतीस तर तू काय बदललंस ते मला कळलंही नसतं."

डोरिननं मान खाली घातली.

"एक सांग," एल्डन म्हणाला. "माझा आवाज कसा होता? तिथं, आत, तुझ्या तोंडून."

असा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. तिच्या वडिलांनीसुद्धा नाही. तिनं दुखऱ्या बोटांनी सांगितलं, "शेवटी फाटला. मधेमधे बायकी होता. पण कोणी एक शब्दही चुकवला नाही."

एल्डननं ते मनात घोळवलं आणि तो समाधानानं आपल्या ट्रककडे गेला.

कायदा पुढच्या मार्चमध्ये झाला. खासदारांनी विरोधात मत दिलं. दंड लागू झाला तेव्हा एल्डननं तो दोन वर्षं भरला, विमा नाही घेतला. मग पासष्टी गाठली आणि म्हाताऱ्यांचा सरकारी विमा त्याला आपोआप मिळाला. काही वर्षांनी वॉशिंग्टननं तो दंड शून्यावर आणला. डोरिनला लगेच नाही, पण सभेनंतर पाच वर्षांनी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी विमा मिळाला आणि कार्ड आलं त्या दिवशी तिनं बहिणीला फोन केला. पहिली पाच मिनिटं दोघी नुसत्या रडल्या, मग पुन्हा भांडल्या.

सभेनंतरच्या हिवाळ्यात तिला वेल्टनच्या कोर्टात काम होतं. दुपारी जेवायला म्हणून ती कोपऱ्यावरच्या कॅफेकडे गेली आणि काचेबाहेरच थबकली. आत खिडकीशी एल्डन आणि गस बसले होते. मधे दोन कॉफ्या आणि जर्दाळू भरलेल्या गोड कोलाचे पावांची बशी. गसचे जाडजूड हात हवेत धडपडत होते. तो दंडाबद्दल काहीतरी सांगू बघत होता, पण बोट चुकीचं वाकत होतं आणि म्हणत होता 'लोणी'. "सरकार लोणी लावेल तर तू भरशील ना?" एल्डन त्याच्याकडे गंभीरपणे बघत होता. मग त्यानं हात पुढं करून गसचं बोट धरलं, सरळ केलं, आणि पुन्हा म्हण असं खुणावलं.

गसनं पुन्हा म्हटलं. या वेळी बरोबर. एल्डननं टेबलावर मूठ आपटली आणि दोन्ही हातांनी असं काही सुनावलं की गस खुर्चीत मागं रेलला.

एल्डन काय म्हणाला ते डोरिनला काचेतूनही कळलं, तेच जुनं, आधी मला विचारा. ती आत गेली नाही. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर बर्फात उभी राहून, गाडीला पाठ टेकून, ती तसंच बघत राहिली, पाय गारठेपर्यंत.